पासष्ट मिलिमीटरपर्यंत

पुण्याहून संध्याकाळी सहाच्या सुमाराला सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस रात्री दहाच्या आगेमागे सोलापूरला पोचते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चार सोलापूरकरांच्या स्मरणार्थ तिला हे नाव मिळालं. उन्हाळ्याचे दिवस होते. डब्यात माल घेऊन परतणारे व्यापारी होते, सुटीला घरी निघालेली मुलं होती. माझ्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेले दोन सिलिंडर आणि एक क्रँकशाफ्ट होता. शेजारच्या काकांनी दौंड येईपर्यंत धीर धरला आणि मग विचारलंच, "इंजिनाचं काय हाय का हे?"

मी सांगितलं, राजदूत ३५० आहे. काकांचा चेहरा उजळला. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत सोलापुरात अशी एक गाडी होती आणि ती सात रस्त्यावरून गेली की पार्क चौकातल्या पोरांना कळायचं, असं ते म्हणाले.

जपानी स्पोर्ट्स कार म्हटल्यावर जगभरच्या शौकिनांना डॅटसन २४० झेड, टोयोटा २०००जीटी, स्कायलाइन जीटी-आर ही नावं आठवतात. आपल्याकडे त्या काळात परदेशी गाडी आणणं म्हणजे परवाना आणि जबर आयात शुल्क. सोलापूर-सांगलीच्या तरुणापर्यंत त्यातलं काही पोचणं शक्य नव्हतं. जपानी वेग आपल्याकडे आला तो दोन चाकांवर. यामाहाने १९७३ साली बाजारात आणलेली आरडी ३५० एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये राजदूत ३५० या नावाने भारतात बनवायला घेतली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, सहा गिअर. जपानी गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती होती. आपल्याकडे पेट्रोलचा हिशोब बघून ती ३०च्या थोडी वर आणली गेली आणि नंतरच्या मॉडेलात २७ पर्यंत उतरवली. पुढच्या चाकाची डिस्कही गेली आणि तिथे ड्रम ब्रेक आला. तरीही रस्त्यावर तिच्या बरोबरीचं दुसरं काही नव्हतं. पेट्रोल फार खाते, सुटे भाग महाग, म्हणून गिऱ्हाईक कमी मिळालं आणि दशक संपता संपता ती बंद झाली. माझी गाडी १९८४ची आहे.

"पण मग सोलापूरला कशापायी? पुण्यात होत न्हाई?" काकांचा प्रश्न रास्त होता. पुण्यात बोअर मारणारे चांगले आहेत. पण त्यांच्यापैकीच एकाने सांगितलं होतं, की दोन सिलिंडरचा जोडलेला क्रँक उघडून पुन्हा सरळ बसवायचा असेल तर सोलापूरच्या अमुक मिस्त्रींकडे जा. त्याने स्वतः ते काम करून माझ्याकडून पैसे घेतले असते तरी मला कळलं नसतं. ज्याला आपल्या हाताची मर्यादा ठाऊक असते, त्याचा सल्ला मी मानतो.

गाडी कुर्डुवाडीला थांबली. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची लाइन याच गावातून १८९७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यासाठी इथे रेल्वेचा कारखाना उभा राहिला. अरुंद रूळ गेले, रुंद आले, कारखाना टिकला. या मुलखात लोखंडाशी नातं असलेली माणसं कुठून आली, याचं एक उत्तर कुर्डुवाडीत आहे आणि दुसरं सोलापूरच्या गिरण्यांत. १८७७ मध्ये निघालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे लोकांची जुनी गिरणी, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. शेकडो माग सतत चालू ठेवायचे तर झिजलेला दांडा, तुटलेलं दातेरी चाक, सैल झालेलं बुश त्याच दिवशी बनवून द्यावं लागे. विलायतेहून भाग येईपर्यंत थांबायला कोणाला वेळ होता? गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांच्या लेथवर शिकलेले हात शहरातच राहिले, यंत्रमागांच्या आणि गाड्यांच्या कामाला लागले.

सकाळी सोलापूरच्या मेकॅनिक चौकात पोचलो तेव्हा दुकानांची शटरं अर्धी वर गेली होती. सुट्या भागांच्या एका दुकानात मालक कामगाराशी तेलुगूत, अक्कलकोटच्या बाजूने आलेल्या ट्रॅक्टरवाल्याशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत बोलत होते. मी यादी पुढे केली. त्यांनी गाडीचं नावही विचारलं नाही. "नंबर सांगा मालक," एवढंच म्हणाले.

जुन्या गाडीचे भाग शोधण्याची पहिली शिकवण इथेच मिळते. गाडीच्या नावाने मागाल तर बहुतेक दुकानांत नकार मिळेल, कारण ती गाडी बंद होऊन तीसपस्तीस वर्षं झाली. पण बेअरिंगला गाडी नसते, नंबर असतो. ६२०५ म्हटलं की शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं, म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर. हेच बेअरिंग यंत्रमागात चालतं, पाण्याच्या मोटरीत चालतं आणि एस्कॉर्ट्सच्या नाहीतर यामाहाच्या इंजिनातही चालतं. फक्त तापणाऱ्या, जोरात फिरणाऱ्या इंजिनासाठी आतली फट जास्त असलेलं घ्यायचं, तेवढी खूण नंबरापुढे असते. ऑइल सीलचंही तसंच. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, हे तीन आकडे सांगितले की डब्यातून सील निघतं.

यामाहाचे स्वतःचे भाग शोधायचे तर तिची नंबर लावण्याची पद्धत समजून घ्यावी लागते. नंबराची पहिली तीन अक्षरं तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी आखला ते सांगतात आणि पुढचे पाच आकडे तो भाग कोणता ते सांगतात. ११६३१ दिसलं की पिस्टन. एखादा भाग तीन मॉडेलांत वापरला असेल तर तो आपल्या गाडीच्या नावाखाली मिळत नाही, पण भावंडाच्या नावाखाली कुठेतरी पडून असतो. ही भावंडं माहीत असलेला माणूस भंगारातूनही गाडी उभी करतो. माझे दोन पिस्टन असेच बंगळुरूच्या एका शौकिनाने जुन्या साठ्यातून शोधून दिले होते. दिल्लीचं करोल बाग, चेन्नईचं पुदुपेट, मुंबईचा चोर बाजार, बंगळुरूचा जेसी रोड, सगळीकडे या जातीची माणसं आहेत. भाग सापडला की ती आधी एकमेकांना सांगतात, विक्रीचं नंतर बघतात.

मिस्त्रींचं वर्कशॉप चौकापासून थोडं आत होतं. साठीचे असतील, बारीक अंगाचे, कपाळावर विभूती. त्यांनी गोणपाट सोडलं, सिलिंडर हातात घेतला, आतून बोट फिरवलं आणि उजेडाकडे धरून बघितला. "कितीव्यांदा बोअर?"

राजदूत ३५०चा मूळ बोअर ६४ मिलिमीटर. सिलिंडर झिजला की आतून पाव मिलिमीटर कापून मोठा करायचा आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. ६४.२५, ६४.५०, ६४.७५ आणि शेवटी ६५. कंपनीने एवढ्याच पायऱ्या ठेवल्या आहेत. माझे सिलिंडर ६४.७५ वर होते. म्हणजे हा शेवटचा बोअर. पुढच्या वेळी कापायला काही उरणार नाही. हे मला ठाऊक होतं, पण मिस्त्रींच्या तोंडून ऐकताना पोटात कालवलं. हा बोअर धरून चाळीस वर्षांत या इंजिनाने एक मिलिमीटर वापरला होता. त्या एका मिलिमीटरमागे किती हजार किलोमीटर, किती घाट!

मला वाटलं, लगेच यंत्रावर चढवतील. त्यांनी सिलिंडर, पिस्टन आणि मायक्रोमीटर तिन्ही एका फळीवर शेजारी शेजारी मांडून ठेवले. "आज न्हाई. उद्या सकाळच्याला माप घ्यायचं. रातभर एका जागी राहू दे तिघांस्नी."

सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि पहाटे पंचविसाच्या आसपास असतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची आतली भिंत बिडाची. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. ६४-६५ मिलिमीटरच्या पिस्टनला वीसेक अंशांचा फरक पडला तर दोन धातूंमध्ये एक ते दीड शतांश मिलिमीटरचं अंतर पडतं. आता या इंजिनात पिस्टन आणि भिंत यांच्यात ठेवायची फटच मुळी चार शतांश मिलिमीटर. म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही दुपारच्या उन्हात तापलेले असताना मोजले, की फटीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी चूक माप घेतानाच झाली. फट कमी राहिली तर पिस्टन तापून आवळतो, हायवेवर मागचं चाक जागीच थांबतं. जास्त राहिली तर पिस्टन खडखडतो आणि वर्षभरात पुन्हा तेच काम. मिस्त्रींनी हे सूत्र कधी पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी गिरणीत असताना सांगितलं होतं, की माप घ्यायचं ते पहाटे.

तो दिवस क्रँकचा होता. या इंजिनाचा क्रँक एकसंध नसतो. जड तबकड्या, पिना आणि कनेक्टिंग रॉड दाबून एकत्र बसवलेले असतात. एक पिस्टन वर असताना दुसरा खाली. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँकच्या खोलीत शिरतं आणि तिथून वर ढकललं जातं. त्यामुळे प्रत्येक सिलिंडरची खोली वेगळी आणि हवाबंद हवी. म्हणून मधोमध एक सील असतं आणि ते बदलायचं तर सगळा क्रँक खोलावा लागतो. हायड्रॉलिक प्रेसखाली तो सुटा झाला, नवे रॉड, नवं सील, नवी बेअरिंगं बसली आणि पुन्हा दाबून एक झाला. इथपर्यंतचं काम कोणीही करील. खरं काम यापुढे असतं.

मिस्त्रींनी क्रँक लेथच्या दोन टोकांत धरला, दोन्ही बाजूंना डायल लावले आणि हाताने सावकाश फिरवला. डायलचा काटा हलत होता, म्हणजे तबकड्या एका रेषेत नव्हत्या. त्यांनी खडूने एक खूण केली, क्रँक खाली काढला आणि पितळी हातोड्याचा एकच घाव घातला. पुन्हा लेथवर, पुन्हा डायल, पुन्हा घाव. कुठे मारायचं आणि किती जोराने, हे कोणत्या मॅन्युअलमध्ये लिहिता येईल? त्यांचा पंचविशीतला पुतण्या शेजारी उभा राहून काटा वाचत होता. तो आकडा सांगे, ते मारत. दुपारपर्यंत काटा जेमतेम दोन शतांशात डुलायला लागला तेव्हा त्यांनी हातोडा पुतण्याच्या हातात दिला. "आता शेवटचा तू मार."

मला त्या क्षणी फार समाधान वाटलं. क्रँक माझा होता म्हणून नव्हे. ज्या कामाचा वारसदार डोळ्यांसमोर उभा आहे, ते काम अजून काही दशकं जगणार आहे.

दुपारी त्यांच्यासोबतच जेवलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि कांदा. संध्याकाळी सिलिंडरहेडची पातळी ग्राइंडिंगवर घासून घ्यायला अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. याच वसाहतीत १९९२ मध्ये सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनीचा कारखाना आहे. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती सुझुकी अशा कंपन्यांच्या इंजिनांना इथून कॅमशाफ्ट गेले आहेत. कॅमशाफ्ट ओतताना साच्यात जिथे कॅमचे उंचवटे येणार तिथे लोखंडी तुकडे बसवतात. वितळलेलं बीड त्यांना टेकलं की झटकन थंड होतं आणि तेवढाच भाग काचेसारखा कठीण बनतो. बाकीचा दांडा हळू थंड होऊन मऊ राहतो, म्हणजे त्याच्यावर यंत्राने काम करता येतं. एकाच ओतीत दोन स्वभाव! होटगी रस्त्यावर पूर्वीचं शिवाजी वर्क्स, आता किर्लोस्कर फेरस, इंजिनांची ओतकामं करतं. जगातल्या लाखो मोटारींच्या पोटात सोलापूर फिरतं आहे आणि हे पुण्यामुंबईतल्या किती लोकांना माहीत आहे?

माझ्या टू-स्ट्रोकला मात्र कॅमशाफ्ट नसतो. झडपांचं बहुतेक काम सिलिंडरच्या भिंतीतली भोकं करतात. पिस्टन वरखाली होताना ती उघडतो आणि झाकतो. म्हणूनच दुसऱ्या दिवशी बोअर मारून झाल्यावर, होनिंगच्या तिरप्या रेषा उमटल्यावर, मिस्त्री बराच वेळ त्या भोकांच्या कडांपाशी बसले. बारीक दगडाने प्रत्येक कड गोलसर केली. कापल्यावर कडा धारदार होतात, पिस्टनची रिंग त्यांत अडकते आणि तुटते. घाईत काम करणारे ही पायरी गाळतात. मिस्त्रींनी बोट फिरवून माझंही बोट तिथे फिरवायला लावलं. कड जाणवली नाही तेव्हाच सिलिंडर रॉकेलने धुतला.

जुन्या गाड्यांच्या भागांचा प्रश्न जपानी कंपन्यांनी आपल्या अंगावर घेतला आहे. निस्सानने १९९७-९८च्या सुमारास अमेरिकेत जुन्या २४० झेड गाड्या गोळा केल्या, नव्यासारख्या करून आपल्याच विक्रेत्यांमार्फत विकल्या. २०१७ मध्ये तिने आर३२ स्कायलाइन जीटी-आरचे बंद झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले. त्याच वर्षी माझदाने पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ रोडस्टरची दुरुस्ती कारखान्यातर्फे करून द्यायचं जाहीर केलं. टोयोटाने २०२० मध्ये सुप्राच्या दोन जुन्या पिढ्यांचे भाग आणि मग २०००जीटीचेही भाग काढले. ही २०००जीटी १९६७ ते १९७० या काळात जेमतेम साडेतीनशे बनली आणि तिच्या घडणीत टोयोटाच्या जोडीला यामाहा होती. म्हणजे ज्या घराण्याची ती गाडी, त्याच घराण्याची माझी राजदूत. तिला मात्र भाग बनवून देणारं कोणी नाही. तिच्या बाबतीत कंपनीची जागा मेकॅनिक चौकाने घेतली आहे.

मला हा व्यवस्थेतला दोष म्हणून मिरवायचा नाही आणि त्याचा खोटा अभिमानही बाळगायचा नाही. कंपनीकडे मूळ नकाशे असतात, धातूचं अचूक मिश्रण असतं, एकसारखे हजार नग काढायची ताकद असते. मिस्त्रींकडे यातलं काही नाही. पण समोरचा हा एक क्रँक कुठे वाकला आहे, या एका सिलिंडरची कुठली बाजू जास्त झिजली आहे, हे त्यांनाच कळतं. जुनी गाडी चालती ठेवायला दोन्ही लागतं. आपल्याकडे दुसरी बाजू अस्सल आहे. पहिली आपल्याला उभी करायची आहे.

आणि वेळ कमी आहे. सोलापूर जिल्ह्यात आजही शेताच्या बांधावर, माढ्याच्या नाहीतर मंगळवेढ्याच्या बाजारात यामाहा आरएक्स १०० दिसते. १९८५ ते १९९६ या काळातली, ९८ सीसीची. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५० मिलिमीटर, हलकी आणि चपळ. धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक गाड्या बंद झाल्या. ते योग्यच झालं. रोजच्या रहदारीत त्या पुन्हा हजारोंनी याव्यात असं मी कधी म्हणणार नाही. पण ज्या उरल्या आहेत त्या आपल्या औद्योगिक इतिहासाचा भाग आहेत. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनी ५० वर्षांपुढच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. पहिल्या राजदूत ३५० त्या रांगेत उभ्या राहतील त्या २०३३ साली. तोपर्यंत त्या चालत्या ठेवायच्या तर आत्ताच हालचाल करायला हवी.

निघताना मी मिस्त्रींना विचारलं, पुढच्या वेळी काय? ६५च्या पुढे तर बोअर नाही. त्यांनी सिलिंडरच्या भिंतीवर टिचकी मारली. "ही भिंत काढायची. आत नवा लायनर बसवायचा, परत ६४ला आणायचा. ओतणारी माणसं हितंच हायेत की. पर एका नगासाठी कोण साचा करंल? वीस-पंचवीस नग सांगा, मी स्वतः जाऊन करून आणतो."

पुण्यात आल्यापासून मी त्याच कामात आहे. कोल्हापूर, सांगली, पुणे, कलबुर्गी, बेळगाव इथल्या गाडीमालकांना विचारतो आहे, की लायनर लागेल का, पैसे आधी द्याल का. होकार येत आहेत. मिस्त्रींच्या पुतण्याने माझ्या सिलिंडरवरून भोकांची उंची, रुंदी, कोन, सगळी मापं पहाटेच्या गारव्यात घेऊन कागदावर उतरवली आहेत. आता पॉलिटेक्निकच्या एका प्राध्यापकांकडून त्याचा नीट नकाशा होतो आहे. तो कोणाच्या मालकीचा राहणार नाही. ज्याला गाडी जगवायची आहे त्याने तो घ्यावा आणि आपल्या गावच्या लेथवाल्याकडे द्यावा. लायनर ओतायचा सोलापुरात, कापायचाही सोलापुरात, आणि बसवायचा त्या पुतण्याने, हे आमचं ठरलं आहे.